अख्खा शर्ट

सकाळी शारजाच्या रस्त्यांवर स्कूलबस दिसू लागल्या की मी गाडीतून त्यांच्या खिडक्यांकडे बघतो. पांढरा शर्ट, कॉलरला निळी किनार, खिशावर शाळेचं चिन्ह. यातले बरेच कपडे माझ्या बायकोच्या कारखान्यातून निघालेले असतात. गाडीत शेजारी कोणी असेल तर मी त्याला तसं सांगतो. शोभना स्वतः कधी सांगत नाही, म्हणून तिच्याबद्दल लिहायचं काम माझ्याकडे आलं.

माझं नाव उपेंद्र खानविलकर. दुबईत एका शिपिंग कंपनीत नोकरी करतो. 'बायकोचा कारखाना' म्हटलं खरं, पण मालक हनीफसाहेब. मूळचे भटकळचे, इथे आयुष्य गेलेलं. इंडस्ट्रियल एरियात गॅरेज आणि गोदामांच्या मधोमध त्यांची शेड आहे. शाळांचे, हॉस्पिटलांचे, सिक्युरिटी गार्डांचे युनिफॉर्म तिथे शिवले जातात. शोभना तिथे प्रॉडक्शन मॅनेजर. आम्ही ठाण्याहून इथे आलो तेव्हा मला नोकरी होती, तिला नव्हती. गारमेंटचा डिप्लोमा पेटीत पडून होता. आमची सान्वी केजीत जायला लागल्यावर शोभनानं तयार कपडे तपासायचं काम धरलं. कपडा उलटायचा, शिलाई बघायची, चुकलेला बाजूला टाकायचा. तिथून ती सुपरवायझर झाली आणि मग मॅनेजर.

कारखान्यात काम लाइननं चालायचं. एकानं फक्त कॉलर शिवायची, दुसऱ्यानं बाह्या जोडायच्या, तिसऱ्यानं खिसा, चौथ्यानं काजं. कपडा या मशीनवरून त्या मशीनवर सरकत जातो आणि शेवटी शर्ट होऊन बाहेर पडतो. बहुतेक ठिकाणी असंच चालतं, आणि भराभर चालतं.

काही वर्षांपूर्वी, शाळा सुरू व्हायच्या तोंडावर, एका शाळेनं शर्टांचे गठ्ठेच्या गठ्ठे परत पाठवले. कॉलरचं एक टोक दुसऱ्यापेक्षा लांब होतं. चूक कापतानाच झाली होती. पण कापलेली ती कॉलर पुढे कितीतरी हातांतून गेली होती. शोभना मशीनमशीनला जाऊन विचारत सुटली. बाह्या जोडणारा टेकनाथ नेपाळमधल्या पोखऱ्याचा, कमी बोलणारा माणूस. त्याला तिनं विचारलं, "तुम्हें दिखा नहीं?"

"दिखा था, मॅडम."

"फिर बोले क्यों नहीं?"

"कॉलर मेरा काम नहीं है ना."

तो उर्मटपणे बोलला नव्हता. विचारलं म्हणून खरं ते सांगितलं. संध्याकाळी घरी आल्यावर शोभनानं मला ते सांगितलं आणि ताटातली भाजी नुसतीच चिवडत राहिली. "चुका होतात रे," ती म्हणाली. "पण एवढ्या माणसांनी तो शर्ट हातात घेतला. सगळ्यांना दिसलं. आणि कोणालाच काही वाटलं नाही."

त्याच काळात चांगले कारागीर एकेक करून सोडून जात होते. पगार वेळेवर होत होता, शेडमध्ये एसी होता, राहायच्या खोल्या बऱ्या होत्या. तरी व्हिसाची मुदत संपली की माणूस तेवढ्याच पगारावर दुसरीकडे जायचा. हनीफसाहेबांच्या भाच्यानं दुबईहून एक ट्रेनर आणला. त्यानं सगळ्यांना उभं करून डोळे मिटायला लावले, स्वप्नं बघायला सांगितली, टाळ्या वाजवून घेतल्या. फुगे लावले, केक कापला. केक चांगला होता असं सगळ्यांचं मत पडलं. शिवाय गेटजवळ दर महिन्याला एका उत्तम कामगाराचा फोटो लावायचं ठरलं.

पहिला फोटो इस्त्री करणाऱ्या एकाचा लागला. पुढच्याच महिन्यात त्यानं नोकरी सोडली. दुसरा फोटो लागला, तोही गेला. तिसऱ्याकडे शोभना कॅमेरा घेऊन गेली तर त्यानं हात जोडले. "मॅडम, मेरा फोटो मत लगाओ. सब समझेंगे मैं भी जा रहा हूँ."

हे ऐकून मी खूप हसलो. तीही हसली. मग म्हणाली, "पुढचा नंबर मुनिबाचा आहे. फोटोचा नाही, जायचा."

मुनिबा मुलतानची. नवरा बेकरीची व्हॅन चालवतो, दोघं शारजातल्याच रोल्ला भागात एका फ्लॅटमधल्या खोलीत राहतात, मुलगी तिकडे आजीपाशी. कॉलर शिवण्यात मुनिबाचा हात कोणी धरू शकत नव्हतं. तिनं राजीनामा दिला तेव्हा शोभना दुपारच्या सुट्टीत आपला डबा घेऊन तिच्याजवळ जाऊन बसली. पगाराचं काही आहे का? नाही. कोणी काही बोललं का? नाही. शोभना जेवत राहिली. डबे संपत आले तेव्हा मुनिबा आपणहून बोलली.

"बेटी फोन पे पूछती थी, अम्मी आज क्या सिया? मैं बोलती, कॉलर. दूसरे दिन फिर पूछती, मैं बोलती, कॉलर. अब वो पूछती ही नहीं."

शोभनानं विचारलं, "पूरा शर्ट सी सकती हो?"

मुनिबाला हसू आलं. "मुलतान में दुल्हनों के जोड़े सीती थी, मॅडम."

शोभनानं तिच्याकडे एकच गोष्ट मागितली. हा सीझन थांब, मी काहीतरी करते. मुनिबा थांबायला तयार झाली, पण असली वाक्यं तिनं आधीही ऐकली असावीत, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं, असं शोभना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती हनीफसाहेबांच्या केबिनमध्ये गेली. तिचं म्हणणं सरळ होतं. शेडचा एक कोपरा मला द्या. तिथे काही माणसांचा एक गट बसेल आणि अख्खा शर्ट शिवेल. काम कसं वाटून घ्यायचं, कधी अदलाबदल करायची, ते त्यांचं ते ठरवतील. तपासणीही तेच करतील.

"शोभनाजी, लाइन तोड़ोगी तो माल कैसे निकलेगा?"

"लाइन रहेगी. मुझे सिर्फ एक कोना चाहिए."

हनीफसाहेब रागावले की खिडकीकडे तोंड करून स्वतःशी त्यांच्या नवायती बोलीत पुटपुटतात. त्या दिवशी ते पुटपुटले, की या बाईला मीच डोक्यावर चढवून ठेवलंय. नवायती म्हणजे कोकणीची जवळची नातेवाईक, आणि शोभनाची आई कारवारची. हे त्यांना ठाऊक नव्हतं. शोभना कोकणीतच म्हणाली, "थोडंसंच चढवलंय. अजून जागा आहे."

ते गर्रकन वळले. आधी अवघडले, मग मोठ्यानं हसले. "खलास," म्हणाले, म्हणजे इथल्या बोलीत 'ठरलं'. "गर्मी खत्म होने तक का टाइम है. माल नहीं निकला तो वापस लाइन."

गटात मुनिबा होती, टेकनाथ होता, आणखी चार-पाच जण होते. पहिले काही आठवडे वाईट गेले. लाइनवरून जेवढे शर्ट निघत, त्याच्या निम्मेही या कोपऱ्यातून निघेनात. टेकनाथची पहिली कॉलर पुरीसारखी फुगली. मुनिबानं सगळ्यांसमोर ती उसवली. तो उठून बाहेर जाऊन बसला आणि दिवसभर तिच्याशी बोलला नाही. खिसा आधी लावायचा की नंतर, यावर रोज वाद. लाइनवरची माणसं येता-जाता विचारायची, "आज कितने शर्ट पैदा हुए?"

शोभना त्यांच्या भांडणात पडली नाही. हे सोपं नव्हतं, कारण घरात मी आणि सान्वी भांडलो तर ती लगेच पडते. तिनं एवढंच केलं, की रोज सकाळी कोपऱ्यात जाऊन काय हवंय ते विचारायचं आणि ते आणून द्यायचं. मशीनं एकामागे एक आहेत, ती समोरासमोर हवीत. दिली. खिसा आधी लावून बघायचाय. बघा. तो प्रयोग फसला. त्यांनीच तो बदलला. मग त्यांनी एक पुतळा मागितला, लहान मुलाच्या मापाचा, म्हणजे शर्ट अंगावर कसा पडतो ते दिसेल.

तो पुतळा शोधायला एका रविवारी मी तिच्याबरोबर रोल्लाला गेलो. कपड्यांचं एक दुकान बंद होत होतं, तिथे एक मिळाला. हात निघालेला, नाक झिजलेलं. तो मागच्या सीटवर आडवा टाकून आम्ही घरी आलो. सान्वी खाली आली आणि खिडकीतून बघून म्हणाली, "आई, व्हाय इज देअर अ डेड किड इन आवर कार?"

"त्याला उद्या नोकरीवर जायचंय," शोभना म्हणाली.

उन्हाळा चढत गेला तसा कोपऱ्यातला आवाज बदलला. वाद होत होते, पण आता ते शर्टावरून होते. कोणाचं काम कुठलं, यावरून नाही. टेकनाथची कॉलर हळूहळू बसायला लागली. एकदा दुसऱ्याच कोणी लावलेला खिसा तिरका दिसला तर त्यानं सगळा ढीग थांबवून धरला आणि म्हणाला, "ये नहीं जाएगा." जाणारा ट्रक गेटवर हॉर्न वाजवत होता. शोभना लांबून बघत उभी राहिली. ट्रक थांबवायला तीच गेली.

गर्मी संपली तेव्हा कोपऱ्यातला माल लाइनच्या बरोबरीला आला नव्हता, थोडा मागेच होता. पण परत आलेला एकही शर्ट कोपऱ्यातला नव्हता. हनीफसाहेबांनी ते दोनदा तपासून घेतलं आणि दुसरा कोपरा देऊ केला.

पुढच्या जानेवारीत एका शाळेची मोठी ऑर्डर आली. एरवी मापं घ्यायला सेल्समन जातो. या वेळी मुनिबानं विचारलं, "हम जाएँ, मॅडम?" शोभना तिला आणि टेकनाथला घेऊन गेली. शाळेच्या हॉलमध्ये मुलांची रांग होती. टेकनाथ मुलांची मापं घेत होता, मुनिबा मुलींची. मधल्या वर्गातली ईशानी नावाची एक मुलगी आली. तिचा डावा हात जन्मापासून अधू होता, बोटं मिटत नव्हती. मुनिबा खांद्याचं माप घेत असताना ती हळूच म्हणाली, "आंटी, कॅन यू मेक बिगर बटन्स? पीटी के बाद मेरी फ्रेंड बटन लगा देती है. आय डोंट लाइक इट."

मुनिबानं तिचं माप पुन्हा एकदा घेतलं. परतताना व्हॅनमध्ये मात्र ती आणि टेकनाथ सगळा रस्ता वाद घालत होते. शोभना पुढे बसून ऐकत होती.

चेन लावावी का? नको, बाकीच्या मुलींपेक्षा शर्ट वेगळा दिसेल, आणि तेच तिला नकोय. वेल्क्रो? उघडताना आवाज होतो, वर्गात सगळे वळून बघतील. मोठी बटणं? एका हातानं तीही अवघडच. दोन-तीन दिवस रोजचं काम संपलं की अख्खा गट त्या एका शर्टाभोवती जमायचा. मुनिबालाच शेवटी सुचलं. रोल्लाच्या दुकानांत हिजाब अडकवायला छोटी लोहचुंबकं मिळतात, टाचणीऐवजी वापरायची. ती तिनं आणली. कापडाच्या इवल्या पिशव्यांत शिवून बटणपट्टीच्या आत बसवली आणि वरून नेहमीची बटणं नुसती शोभेला टाकली. बघणाऱ्याला काही फरक कळू नये. स्कर्टला हुकाऐवजी मागच्या बाजूनं इलास्टिक घातलं.

पण ते चालतं की नाही हे कसं कळणार? टेकनाथनं त्याच पद्धतीचा एक मोठा शर्ट शिवायला लावला, आपला डावा हात पाठीमागे बांधून घेतला आणि सगळ्या शेडसमोर तो घालायला लागला. पहिल्यांदा कॉलर अडकली. चुंबकं वर सरकवली. दुसऱ्यांदा मधलंच एक जुळेना. तीही जागा बदलली. लाइनवरची माणसं मशीनं थांबवून बघत होती. शेवटी एका हातानं शर्ट खालपासून वरपर्यंत लागला तेव्हा शेडमध्ये टाळ्या झाल्या. त्या कोणी वाजवून घेतल्या नव्हत्या.

युनिफॉर्म द्यायला शोभना आणि मुनिबा शाळेत गेल्या. ईशानी आणि तिची आई एका खोलीत गेल्या. थोड्या वेळानं आई एकटीच बाहेर आली. "ती म्हणतेय, तू बाहेर थांब," ती म्हणाली. तिघी दाराबाहेर उभ्या राहिल्या. मग ईशानी आली. शर्ट खोचलेला, बटणपट्टी वरपर्यंत जुळलेली, कॉलर दुमडलेली. इतर कुठल्याही मुलीसारखी दिसत होती. आईनं काही विचारायच्या आत ती म्हणाली, "आय डिड इट ट्वाइस. एकदा काढून परत घातला."

मुनिबानं वाकून तिच्या बाहीवरचा एक सुटा धागा काढला. तेवढंच. परतताना तिनं व्हॅनमधूनच मुलतानला फोन लावला आणि रोल्ला येईपर्यंत ती बोलत होती. राजीनाम्याचा विषय त्यानंतर निघाला नाही.

हे सगळं गोडच झालं असं मी म्हणणार नाही. गार्डांच्या युनिफॉर्मना अजून लाइनच आहे, कारण तिथे घाई फार. रफिकुल नावाच्या बाह्या शिवणाऱ्यानं शोभनाला स्पष्ट सांगितलं, की मला बाह्याच आवडतात, मला त्या गटाबिटात घालू नका. तिनं घातलं नाही. काही माणसं तरीही गेली. त्यांतल्या एकानं नेपाळात चितवनला स्वतःचं शिवणाचं दुकान काढलं. तो जाताना शोभनानं त्याला शाळेच्या शर्टांचे कागदी फरमे कापून दिले, आणि हनीफसाहेब खिडकीकडे तोंड करून बराच वेळ पुटपुटले. पगारवाढीसाठी ती त्यांच्याशी वेगळी भांडली. काम आवडतं म्हणून माणूस कमी पैशांत राबेल असं समजायचं नाही, असं ती म्हणाली. वाढ मिळाली.

गेल्या थंडीत त्या शाळेनं स्पोर्ट्स डेला गटाला बोलावलं. हनीफसाहेबांनी बस काढली आणि फक्त गटाला नाही, सगळ्या शेडला नेलं. आम्हीही गेलो. माणसं कडक इस्त्रीचे कपडे घालून आली होती. मुनिबानं मोरपंखी सूट घातला होता, स्वतः शिवलेला. बँड वाजला, मुलांचं संचलन सुरू झालं, हाऊसमागून हाऊस, मैदानभर पांढरे शर्ट. आजूबाजूचे आई-बाप आपापलं मूल शोधत होते, फोटो काढत होते. आमची माणसं खांदे आणि कॉलरी बघत होती. "वो तीसरी लाइन हमारी है." "नहीं, वो दूसरे कोने का माल है, कॉलर देख." कोणाचा शर्ट अंगावर नीट बसलाय यावर पैज लागेल इतके ते रंगले होते. ईशानी तिच्या हाऊसचं निशाण धरून सर्वांत पुढे होती, उजव्या हातात. मुनिबा उभी राहिली आणि ती मैदानाच्या टोकापर्यंत जाईतो बसली नाही.

रुहान नावाचा एक मुलगा पोत्याच्या शर्यतीत पडला आणि त्याचा खिसा फाटला. टेकनाथनं त्याला हाक मारून जवळ घेतलं. आपल्या कॉलरच्या आत खोचलेली दोऱ्यासकटची सुई काढली आणि मुलगा उभा असतानाच खिसा शिवून दिला. मुलानं खिशात हात घालून बघितला, थँक यू म्हणाला आणि पळाला.

मी शोभनाला शोधलं. ती मंडपाच्या मागच्या बाजूला खुर्चीवर एकटी बसली होती, पर्स मांडीवर, गॉगल लावून. ते बघून मला जे वाटलं ते मी तिला सांगितलं नाही, कारण ती लगेच विषय बदलते. सान्वीनं मात्र सांगून टाकलं. "आई, आय थिंक यू आर काइंड ऑफ अ बिग डील."

"चल, पाण्याची बाटली आण," शोभना म्हणाली.

घरी येताना ती खिडकीतून बाहेर बघत होती. मला वाटलं, दमली असेल. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "पुढच्या आठवड्यात मुनिबाला घेऊन एका हॉस्पिटलमध्ये जायचंय. नर्सना कोटाचे खिसे कुठे हवेत, हे आजवर त्यांना कोणी विचारलेलंच नाही."

"आजच्या दिवस तरी निवांत बस की जरा."

"बसलेय की," ती म्हणाली, आणि तिनं सीट मागे केली.